मायनर स्केल : पेटीवरून कीबोर्डकडे येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा अशा लोकांकडून येतात ज्यांनी गाणं किंवा पेटी थोडीफार शिकलेली असते आणि आता कीबोर्ड, गिटार किंवा ग्रेडच्या परीक्षेमुळे ‘मायनर’शी गाठ पडलेली असते. म्हणून उत्तरं सरगममधून दिली आहेत. स्वराखाली रेघ म्हणजे कोमल, आणि सां म्हणजे वरचा षड्ज. पट्ट्यांचे आकडे सी म्हणजे पांढरी एक धरून आहेत. उदाहरणं शक्यतो पांढरी सहाची, म्हणजे ए मायनरची घेतली आहेत, कारण तिथे काळ्या पट्ट्या सगळ्यात कमी लागतात.

मायनर स्केल म्हणजे नेमकं काय?

ज्या सात स्वरांत गंधार कोमल आहे आणि रे, म, प जागच्या जागी शुद्ध आहेत, ते मायनर. सा रे ग॒ म प एवढं वाजलं की कान निकाल देऊन मोकळा होतो. धैवत आणि निषाद कोमल की शुद्ध, हा पुढचा प्रश्न. मायनरचे जे ‘प्रकार’ पाठ करायला लावतात ते सगळे या दोन स्वरांच्या हालचालीतून येतात. खालचे पाच स्वर पक्के आणि वरचे दोन फिरते, एवढं डोक्यात बसलं तर या पानावरचं निम्मं वाचायचीही गरज नाही.

पेटीवर पांढरी सहापासून सगळ्या पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवून बघा. सा रे ग॒ म प ध॒ नि॒ सां मिळेल. हा नॅचरल मायनर.

माझा स्केल काळी चार आहे. तो मेजर की मायनर?

दोन्हीपैकी काहीच नाही. आपल्याकडे गायकाला ‘स्केल कोणता?’ असं विचारतात तेव्हा विचारायचं असतं की तुमचा सा कुठल्या पट्टीवर आहे. पाश्चात्त्य थिअरीत स्केल म्हणजे सा ठरल्यावर पुढे लागणाऱ्या स्वरांची रांग. काळी चारवर सा धरून तुम्ही भूप गा, यमन गा, भैरवी गा, सा तोच राहतो. त्यामुळे वादकाला नुसतं ‘काळी चार’ सांगून भागत नाही. कीबोर्डवाल्याला ‘जी शार्प मायनर’ म्हणाल तर सा आणि कोमल गंधार या दोन्ही गोष्टी एका दमात कळतात.

मायनर म्हणजे आसावरी थाट, असं समजलं तर चालेल का?

नॅचरल मायनरपुरतं चालेल, स्वर तेच आहेत. पण आपल्याकडे कोमल गंधाराचे रस्ते अनेक आहेत. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी जे दहा थाट लावून दिले, त्यांतल्या चार थाटांत गंधार कोमल आहे: काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. काफीत धैवत शुद्ध, त्याचे स्वर डोरियन या जुन्या युरोपीय स्वररांगेशी जुळतात. भैरवीत रिषभही कोमल, ते फ्रिजियन या तशाच दुसऱ्या रांगेचे स्वर. तोडीत तीव्र मध्यम आणि शुद्ध निषाद एकत्र येतात, त्याला मायनर म्हणणं ओढूनताणून होईल.

दुसरी गोष्ट, थाट किंवा स्केल ही फक्त स्वरांची यादी. आसावरी, जौनपुरी आणि दरबारी तिघांचे स्वर कागदावर जवळजवळ एकच दिसतात. गाताना कुणी त्यांची गल्लत करत नाही. ‘दरबारी म्हणजे मायनर स्केल’ असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका, पण मनावरही घेऊ नका.

नॅचरल, हार्मोनिक, मेलडिक असे तीन मायनर का आहेत? एकानं भागत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पुस्तकं तिन्ही प्रकार तीन वेगळ्या चौकटींत छापतात आणि मुलांना वाटतं की ही तीन वेगळी स्केल आहेत. खरं तर एकाच मायनरमध्ये प्रसंग पाहून ध आणि नि हलतात, त्याची ही तीन नावं.

नॅचरल मायनरमध्ये नि॒ आणि सां यांच्यात पूर्ण एका स्वराचं अंतर आहे. गाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण युरोपीय संगीत कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांवर, उभं राहायला लागलं तेव्हा अडचण झाली. पंचमावरचा कॉर्ड षड्जावरच्या कॉर्डकडे ओढला जावा, ही त्या संगीताची मुख्य चाल, आणि ती ओढ शुद्ध निषादातून येते, कारण तो सां पासून फक्त अर्धा स्वर खाली असतो. म्हणून मायनरमध्येही निषाद शुद्ध करून घेतला. ए मायनरमध्ये पांढरी पाचऐवजी काळी चार. झाला हार्मोनिक मायनर: सा रे ग॒ म प ध॒ नि सां. नावातच हार्मनी आहे, तो कॉर्डच्या सोयीसाठी जन्मला.

आता नवी अडचण. ध॒ आणि नि यांच्यात दीड स्वराची उडी पडली. वाद्यावर ती सहज वाजते. गळ्याला मात्र ती अवघड, विशेषतः जो समूहगायक आयुष्यभर लहान पावलांनी चालत आला आहे त्याला. म्हणून वर जाताना धैवतही शुद्ध केला: सा रे ग॒ म प ध नि सां. हा मेलडिक मायनर, म्हणजे सुरावटीच्या सोयीचा. ए मायनरमध्ये काळी तीन आणि काळी चार.

अर्ध्या स्वरांत अंतरं मोजायची सवय असेल तर नॅचरल २-१-२-२-१-२-२, हार्मोनिक २-१-२-२-१-३-१, मेलडिक चढताना २-१-२-२-२-२-१. तिन्हींची बेरीज १२, आणि पहिले चार आकडे तिन्हीकडे तेच.

एकाच रचनेत, कधी एकाच ओळीत, तिन्ही रूपं येतात. ‘ही सिंफनी हार्मोनिक मायनरमध्ये आहे’ असं कुणी म्हणत नाही, नुसतं मायनर म्हणतात.

मेलडिक मायनर चढताना एक आणि उतरताना दुसरा, असं का?

याचं नवल आपल्याला तरी वाटायला नको. देस आठवा: आरोहात शुद्ध नि, अवरोहात कोमल. वर जाताना षड्ज खुणावत असतो, म्हणून निषाद त्याच्याकडे सरकतो. षड्ज सोडून खाली येताना त्या ओढीचं काम संपलेलं असतं. मेलडिक मायनर हेच धैवतालाही लावतो. चढताना ध नि शुद्ध, उतरताना सां नि॒ ध॒ प, म्हणजे परत नॅचरल.

नियम म्हणून तो परीक्षेत पाळा. प्रत्यक्षात बाखसारखा जर्मन रचनाकार उतरतानाही शुद्ध ध-नि वापरतो, जेव्हा खालचा कॉर्ड ते मागतो. जॅझवाले तर चढतं रूपच दोन्ही दिशांना वाजवतात.

हार्मोनिक मायनर म्हणजेच किरवाणी का?

स्वर तेच. किरवाणी कर्नाटक पद्धतीतला २१वा मेळकर्ता (तिकडचा थाट म्हणा), तिथून आपल्याकडे आला आणि वादकांनी, विशेषतः सतार-सरोदवाल्यांनी, उचलून धरला. भातखंड्यांच्या दहा थाटांत तो कुठेच बसत नाही. चढत्या मेलडिकचे स्वर कर्नाटकात गौरीमनोहरी या २३व्या मेळात आहेत, आणि आपल्याकडे पटदीप त्याच सात स्वरांत फिरतो, फक्त आरोहात रे आणि ध गाळून.

इथे एक गंमत करून बघण्यासारखी आहे. किरवाणीच्या पंचमाला सा माना आणि तेच स्वर वाजवा: बसंत मुखारी मिळतो. चढत्या मेलडिकच्या पंचमाला सा माना: चारुकेशी. मूर्च्छना (स्वर तेच, सा वेगळा) हा शब्द ज्यांनी फक्त परीक्षेच्या पेपरात लिहिला आहे त्यांनी पांढरी तीनवर तानपुरा लावून हे एकदा ऐकावंच. पांढऱ्या तीन, चार, सहा, सात, एक, दोन आणि काळी चार, एवढ्या पट्ट्यांत पहिला प्रयोग होतो. दुसऱ्यासाठी पांढरी चारच्या जागी काळी तीन घ्या.

ए मायनरमधल्या काळी चारला जी शार्पच का म्हणायचं? पट्टी तर ए फ्लॅटचीही तीच आहे.

पट्टी एकच, पण स्केल लिहिताना प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवं: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी. ए फ्लॅट लिहिलं तर ए दोनदा येईल आणि जी गायब. आपणही शुद्ध निषादाला ‘अतिकोमल सां’ म्हणत नाही, तसंच हे. याच नियमामुळे जी शार्प मायनरच्या हार्मोनिक रूपात ‘एफ डबल शार्प’ असा विचित्र दिसणारा स्वर लिहावा लागतो. वाजवायची असते साधी पांढरी पाच.

रिलेटिव्ह मायनर आणि पॅरलल मायनर यांत फरक काय?

रिलेटिव्ह: पट्ट्या त्याच, सा वेगळा. सी मेजर आणि ए मायनर दोन्ही पांढऱ्यांवर. मेजरच्या धैवतावर सा नेला की त्याचा रिलेटिव्ह मायनर.

पॅरलल: सा तोच, पट्ट्या वेगळ्या. सी मेजर आणि सी मायनर. बिलावल गाता गाता त्याच सा वर आसावरीत जावं तसं.

गायकाला पॅरलल चटकन कळतो आणि कीबोर्डवाल्याला रिलेटिव्ह. दोघांची भांडणं बहुधा इथूनच सुरू होतात.

मायनर म्हणजे दुःखी सूर, हे खरं आहे का?

अर्धवट. ‘मेजर हसरा, मायनर रडका’ हे लहान मुलांना कानाने ओळखायला शिकवताना सोयीचं पडतं, पुढे अंगाशी येतं. काफीच्या स्वरांत होरी रंगतात, तिथे कोण रडतं? मालकंसात ग, ध, नि तिन्ही कोमल, आणि त्याचा भाव गंभीर, भारदस्त. मैफल भैरवीने संपते तेव्हा हुरहूर असते, पण तिला दुःख म्हणणं जरा ढोबळच. उलट शुद्ध गंधाराच्या रागांतही करुण गाता येतं, चारुकेशी ऐका.

लय, सप्तक, आवाजाचा पोत आणि शब्द यांचा वाटा स्वरांइतकाच असतो. जलद तालात मायनर आवेशपूर्ण लागतो, मंद्र सप्तकात संथ वाजवला की जड होतो.

युरोपातही त्याचा उपयोग काळानुसार बदलला. मोत्सार्टच्या क्रमांक लावलेल्या ४१ सिंफनींपैकी फक्त दोन मायनरमध्ये आहेत, २५वी (१७७३) आणि ४०वी (१७८८), दोन्ही जी मायनर. दोन्ही ऐकल्यावर मनात राहते ती अस्वस्थता, धडधड. त्याला रडणं म्हणता येत नाही.

कोमल स्वर आले की स्केल मायनर झालं असं समजायचं का?

नाही. भैरवात रे आणि ध कोमल, पण गंधार शुद्ध. षड्जावरचा कॉर्ड सा-ग-प मेजरच होतो. चारुकेशीत ध-नि कोमल, तरी तेच. गंधार बघा, बाकी नंतर.

तानपुऱ्याबरोबर मायनर गाताना गंधार लागत नाही असं वाटतं. दोष माझा की तानपुऱ्याचा?

दोघांचाही नाही. चांगला जुळलेला तानपुरा खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार आपोआप ऐकवतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. कुठल्याही तारेच्या पाचव्या उपस्वराची ती जागा आहे. म्हणजे तुम्ही कोमल गंधार लावता तेव्हा मागे शुद्ध गंधार हलकेच वाजतच असतो. हा ताण कोमल गंधाराच्या स्वभावाचाच भाग आहे. तो नकोसा वाटून स्वर वर सरकवला की बेसूर होतो.

युरोपातही ही खटक ओळखली गेली होती असं दिसतं. १६व्या-१७व्या शतकात मायनर रचनेचा अगदी शेवटचा कॉर्ड मेजर करून संपवायची रीत होती. तिला पिकार्डी थर्ड म्हणतात, आणि बाखच्या मायनर रचनांच्या शेवटी ती वारंवार भेटते. संपूर्ण रचनेत कोमल असलेला गंधार शेवटच्या ठोक्याला शुद्ध होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं वादक चुकला.

पेटीचा प्रश्न वेगळा. षड्जाशी ६:५ या प्रमाणात लागणारा कोमल गंधार सुमारे ३१६ सेंटवर येतो (अख्खं सप्तक म्हणजे १२०० सेंट). पेटी आणि कीबोर्ड सप्तकाचे १२ सारखे भाग करतात, त्यांचा कोमल गंधार ३०० सेंटवर, म्हणजे जरा उतरलेला. गळ्याने पेटीला चिकटून गंधार पक्का करू नका, तानपुऱ्यावर करा. दरबारीचा आंदोलित गंधार तर कुठल्याच पट्टीवर सापडत नाही, तो शोधायला पेटीकडे जाऊच नये.

मायनरच्या गाण्याला कॉर्ड कुठले लावायचे?

सरगममधून पाहिलं तर सोपं आहे. मुख्य कॉर्ड सा-ग॒-प, ए मायनर. मध्यमावरचा म-ध॒-सां, डी मायनर. पंचमावर दोन पर्याय: प-नि॒-रें म्हणजे ई मायनर, किंवा प-नि-रें म्हणजे ई मेजर. शिवाय ग॒-प-नि॒ (सी मेजर), ध॒-सां-ग॒ं (एफ मेजर) आणि नि॒-रें-मं (जी मेजर) हे तीन मेजर कॉर्ड घरातलेच. रिषभावरचा रे-म-ध॒ डिमिनिश्ड होतो, तो सुरुवातीला बाजूला ठेवलात तरी चालतं.

नवशिक्याची चूक ठरलेली: पुस्तकात ‘मायनरमध्ये पाचवा कॉर्ड मेजर’ असं वाचलेलं असतं, म्हणून तो सगळीकडे ई मेजर दाबतो. गायक त्याच क्षणी कोमल निषादावर असेल तर कॉर्डमधला शुद्ध नि आणि गळ्यातला कोमल नि एकमेकांना भिडतात आणि ऐकणारा कानावर हात ठेवतो. आधी चालीत निषाद कुठला आहे ते पाहा. आसावरी अंगाची, फक्त कोमल निषादाची चाल असेल तर ई मायनर किंवा जी मेजर घ्या. किरवाणी असेल तर ई मेजर बिनधास्त. काफी अंगाची असेल तर मध्यमावरचा कॉर्ड म-ध-सां, म्हणजे डी मेजर होतो. तिथे डी मायनर लावला की चालीचा रंगच उडतो. पिलू असेल तर ओळीओळीला थांबून पाहावं लागतं, कारण त्यात गंधार आणि निषाद दोन्ही रूपांत येतात. मंद्रातलं ‘नि सा ग॒, रे सा नि’ हे शुद्ध निषादाचं, तिथे ई मेजर शोभतो.

रागातल्या चालीला कॉर्ड न टोचता बसवणं हे कसबाचं काम आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात ते गोव्याहून आलेल्या नोटेशन जाणणाऱ्या मंडळींनी केलं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावं. त्या काळातलं एखादं गाणं घ्या आणि गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त मागची व्हायोलिनं ऐका, कोमल गंधाराखाली काय चाललंय ते ऐका. पुस्तकापेक्षा जास्त शिकायला मिळेल.

एखादं गाणं मायनर आहे हे ओळखायचं कसं?

आधी सा शोधा. ओळ संपताना गाणं जिथे विसावतं तो स्वर गुणगुणत धरून ठेवा. मग त्यावरून गंधार तपासा: सा-रे-ग गाऊन पाहा, गाण्याशी शुद्ध जुळतो की कोमल. बस.

घोटाळा होतो तो सा चुकल्यामुळे. ए मायनरच्या गाण्याचा सा कुणी पांढरी एकला धरला, तरी सगळ्या पट्ट्या जुळतात आणि त्याला ते मेजर वाटतं. शंका आली तर पांढरी सहा आणि पांढरी तीन (सा-प) एकत्र दाबून ठेवा आणि वर गाणं म्हणा. नंतर पांढरी एक आणि पाच. कुठल्या जोडीवर गाणं घरी आल्यासारखं वाटतं ते लगेच कळतं. लिहिलेल्या नोटेशनमध्ये शेवटचा खालचा स्वर बघा, आणि मध्ये मध्ये जी शार्प डोकावतोय का तेही बघा. तो ए मायनरच्या की सिग्नेचरमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला दिलेल्या शार्प-फ्लॅटच्या खुणांत, कधीच नसतो, स्वराच्या अलीकडे वेगळा लिहावा लागतो. सी मेजरच्या सिग्नेचरमध्ये जी शार्प वारंवार दिसला की समजा, प्रकरण ए मायनरचं आहे.

मायनर पेंटॅटॉनिक काय आहे?

सा ग॒ म प नि॒. म्हणजे धानी. गिटारवाले सर्वात आधी हेच शिकतात, कारण यात चुकायला जागाच फारशी नाही. त्यात म आणि प यांच्यामध्ये तीव्र मध्यम घातला की ब्लूज स्केल.

कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची?

उजवा हात, अंगठा १ धरून: ए१ बी२ सी३ डी१ ई२ एफ३ जी४ ए५. तिन्ही प्रकारांना हाच क्रम. पेटीवरून आलेल्यांचा हात इथे अडतो तो हार्मोनिकमध्ये: एफवर मधलं बोट आणि लगेच जी शार्पवर अनामिका. मध्ये जी सुटतो, त्यामुळे ही दोन बोटं ताणावी लागतात, आणि बहुतेक जण तो ताण टाळायला मनगट बाहेर वळवतात. मनगट सरळ ठेवून अख्खा हात किंचित आत, काळ्या पट्ट्यांकडे सरकवा. एफ पट्टीच्या काठावर न वाजवता आत, काळ्यांच्या जवळ वाजवला की अनामिका आपोआप काळी चारवर पडते. डावा हात: ५ ४ ३ २ १ ३ २ १.

पेटीवर डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे तो नव्यानेच शिकवावा लागतो. डाव्या हाताला निम्म्या लयीत वेगळा वेळ द्या, दोन्ही हात एकत्र करायची घाई करू नका.

ग्रेडच्या परीक्षेला तिन्ही प्रकार लागतात का?

परीक्षा घेणारी संस्था ट्रिनिटी असो वा एबीआरएसएम, अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, म्हणून त्या वर्षीचं पुस्तक बघा, ताईच्या जुन्या पुस्तकावर विसंबू नका. खालच्या ग्रेडना प्रकार निवडायची मुभा अनेकदा असते. असेल तर हार्मोनिक घ्या: चढता-उतरता एकच असल्यामुळे गोंधळ होत नाही.

गायिकेचा सा काळी चार आहे आणि मला गिटारवर फक्त सोपे कॉर्ड येतात. काय करू?

चौथ्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि ई मायनरचे आकार वाजवा. सा काळी एक असेल तर चौथ्याच फ्रेटवर ए मायनरचे. काळी पाच असेल तर पहिल्या फ्रेटवर ए मायनरचे, काळी दोन असेल तर पहिल्या फ्रेटवर डी मायनरचे. कापो लावल्यावर तारा पुन्हा जुळवून घ्या, दाबामुळे त्या थोड्या चढतात आणि कोमल गंधारावर ते लगेच उघडं पडतं.